बांधावरच्या जळणात दडलेला भुंगेरा

डाळिंबाचे झाड एका दिवसात मरत नाही. आधी एखादी फांदी पिवळी पडते. शेतकऱ्याला वाटते, पाणी कमी पडले असेल; तो ठिबकचा वेळ वाढवतो. मग वाटते, अन्नद्रव्य कमी असेल. तो विद्राव्य खत सोडतो. फांदी वाळते, शेजारची वाळू लागते आणि मग कधी तरी कुणी वाकून बुंध्याकडे पाहते. सालीवर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे असतात आणि त्यांच्या तोंडाशी लाकडाची पिठासारखी भुकटी. तोपर्यंत आतले काम होऊन गेलेले असते.

सांगोला, आटपाडी, पंढरपूर या पट्ट्यात हे कुणाला सांगावे लागत नाही. २०२०च्या ऑक्टोबरातल्या अतिवृष्टीनंतरच्या काळात तिथल्या बागांत मर रोगाबरोबर ‘पिन होल बोरर’ हे नाव घरोघरी पोहोचले. कुणी त्याला ‘शॉट होल बोरर’ म्हणतो, कुणी नुसता खोडकिडा. कृषी सेवा केंद्रात त्याच्यावर औषध मागितले गेले, ते मिळालेही. फवारणी झाली, आळवणी झाली, खोडाला गेरूचे लेप लागले. ज्यांची झाडे तरीही गेली त्यांनी बागा उपटल्या आणि उपटलेले लाकूड बांधावर रचून ठेवले, जळणाला.

या साऱ्या घटनाक्रमात चर्चा होते ती औषधाची. कोणते, किती, कधी. बांधावरच्या त्या ढिगाबद्दल कुणी बोलत नाही. खरे तर दोन मिलिमीटरच्या या भुंगेऱ्याशी चाललेली लढाई पंपाने जिंकण्यासारखी कमी आणि ढिगापाशी हरण्यासारखी जास्त आहे. जगात जिथे जिथे हा किंवा याचा सख्खा भाऊबंद पोहोचला, तिथला अनुभव हेच सांगतो. महाराष्ट्रात मात्र जे काही धोरण आहे ते अजून बाटलीभोवती फिरते.

हा अनुभव कसा आला, ते समजून घेण्यासाठी अमेरिकेतल्या एका चुकीपासून सुरुवात करावी लागते. २००३मध्ये कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस परगण्यात, व्हिटियर नॅरोज या ठिकाणी सापळ्यात एक अनोळखी भुंगेरा सापडला. तपासणीअंती तो चहावरचा शॉट होल बोरर असल्याचे ठरले. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांना या किडीने एकोणिसाव्या शतकापासून छळले आहे, हे सर्वांना ठाऊक होते. पण कॅलिफोर्नियात चहाचे मळे नाहीत. त्यामुळे नोंद झाली, फाईल बंद झाली. पुढची सात-आठ वर्षे भुंगेरा आपले काम करत राहिला. २००९मध्ये इस्राएलच्या अॅव्होकाडो बागांत फांद्या वाळू लागल्या आणि त्यांत असाच भुंगेरा आढळला. २०१२मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्रातले वनस्पतिरोगतज्ज्ञ अकिफ एस्कालेन यांना लॉस एंजेलिस परिसरातल्या एका घराच्या परसात अॅव्होकाडोचे वाळते झाड दिसले. झाडात भुंगेरा होता, त्याच्या बिळात फ्युजॅरियम कुळातली बुरशी होती आणि झाड त्या बुरशीने मरत होते.

मग डीएनए तपासला गेला. इस्राएलमधला आणि लॉस एंजेलिसमधला भुंगेरा एकच निघाला. पण ज्याला चहावरचा बोरर समजले होते तो हा नव्हताच. भिंगाखाली दोघांत फरक दिसत नाही, गुणसूत्रांत मात्र तो स्पष्ट आहे. या नव्या ओळखीच्या किड्याला ‘पॉलिफॅगस शॉट होल बोरर’ असे म्हटले जाऊ लागले, म्हणजे अनेक झाडांवर जगणारा. काही वर्षांत सॅन दिएगोकडे याच कुळातला आणखी एक वेगळा भुंगेरा आढळला, त्याला ‘कुरोशिओ’ नाव मिळाले. एकाच शास्त्रीय नावाखाली इतकी वर्षे किमान तीन-चार जाती वावरत होत्या.

पुढची गंमत वर्गीकरणशास्त्राची आहे. २०१८मध्ये संशोधकांनी या जातींची वाटणी केली आणि फळझाडांवरच्या या भुंगेऱ्याला एक जुने, विसरलेले नाव काढून दिले. वर्षभरातच, २०१९मध्ये, १८६८ साली आइखहॉफ या जर्मन अभ्यासकाने श्रीलंकेतल्या ज्या नमुन्यावरून मूळ वर्णन केले होते तो पुन्हा तपासला गेला. तेव्हा कळले, की मूळ नाव, युवालेसिया फॉर्निकॅटस, चहावरच्या किडीचे नव्हतेच; ते या सर्वभक्षी भुंगेऱ्याचेच होते. दीडशे वर्षे घराची पाटी एकाची आणि राहणारा दुसराच, असा हा प्रकार. वर्गीकरण म्हणजे संग्रहालयातला धूळखाऊ उद्योग, असे समजणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा: २००३मध्येच किड्याची ओळख बरोबर पटली असती तर कॅलिफोर्नियाच्या हाती नऊ वर्षे अधिक असती.

ही ओळख पटणे इतके महत्त्वाचे का, हे या भुंगेऱ्याच्या जगण्यात आहे. तो लाकूड पोखरतो, पण लाकूड खात नाही. तो शेती करतो, आणि हे अलंकारिक वर्णन नाही. मादीच्या तोंडाजवळ एक सूक्ष्म पिशवी असते, तीत बुरशीचे बियाणे असते. ती खोडात बोगदा खणते, त्याच्या भिंतींवर बुरशी पेरते आणि तिथेच अंडी घालते. अळ्या त्या बुरशीवर वाढतात. या कुळातल्या भुंगेऱ्यांना ‘अँब्रोशिया बीटल’ म्हणतात, ते याच खाद्यामुळे. श्मिडबर्गर नावाच्या ऑस्ट्रियातल्या एका धर्मगुरूने, जो फळझाडांचाही जाणकार होता, १८३६मध्ये बोगद्यांतला तो पांढरा थर पाहून त्याला ग्रीक देवांच्या अन्नाचे नाव दिले. तो थर म्हणजे झाडाचा रस असावा असा त्याचा समज होता; ती बुरशी आहे हे हार्टिग या जर्मन वनशास्त्रज्ञाने १८४४मध्ये दाखवून दिले. माणूस शेती करू लागला त्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून हे कीटक शेती करत आले आहेत.

झाडाचा जीव घेते ती ही बुरशी. ती लाकडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत पसरते, नळ्या तुंबतात, वरची फांदी तहानेने वाळते. म्हणजे फांदी पाण्यावाचूनच मरत असते, पण ते पाणी जमिनीत कमी नसते. वर जायची वाट बंद झालेली असते. ठिबकचा वेळ वाढवणाऱ्या शेतकऱ्याचा अंदाज चुकतो तो इथे. उलट बुंध्याशी साचलेली ओल मर रोगाच्या बुरशीला आणि सूत्रकृमींना सोयीचीच.

याची वाढही काळजीत टाकणारी. अनुकूल हवेत अंड्यापासून पूर्ण भुंगेरा व्हायला साधारण महिना पुरतो. नर थोडे, आकाराने लहान आणि उडू न शकणारे. बहिणी-भाऊ बोगद्यातच समागम करतात आणि फळलेल्या माद्या बाहेर पडतात. म्हणजे नवी वसाहत वसवायला जोडी लागत नाही, एक मादी पुरते. न फळलेली मादीसुद्धा हरत नाही. तिच्या अंड्यांतून फक्त नर निघतात आणि त्यातल्या एका पुत्राशी समागम करून ती पुढची पिढी सुरू करू शकते. एका ओंडक्यात अशा किती माद्या असतील याचा विचार केला म्हणजे तो ओंडका एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात नेणे म्हणजे काय, ते ध्यानात येते.

आणि इथेच औषधाचा प्रश्न येतो. भुंगेरा आयुष्याचा बहुतेक काळ लाकडाच्या आत काढतो. पानांवर केलेली फवारणी त्याला भेटतच नाही. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून वर चढते खरे. पण ज्या नळ्यांतून ते चढायचे त्याच बुरशीने तुंबलेल्या असतात, आणि भुंगेरा झाडाचा रस पीत नाही, आपली बुरशी खातो. खोडावरचा लेप उपयोगी पडतो तो प्रतिबंध म्हणून, मादी साल टोचायला बसते त्या थोड्या वेळापुरता. निरोगी झाडाला वेळेवर लावलेला लेप फुकट जात नाही. आत वसाहत झालेल्या झाडाला तोच लेप म्हणजे चोर घरात शिरल्यावर लावलेली कडी. दुकानातून बाटली घेऊन जाणाऱ्याला हा फरक कुणी समजावून सांगत नाही. सांगितला तर बाटली खपणार नाही, हेही आहेच.

मग जगात काय केले गेले? दक्षिण आफ्रिकेत २०१७मध्ये पीटरमॅरित्झबर्गच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात, ट्रूडी पाप या संशोधिकेला प्लेन वृक्षांवर हा भुंगेरा आढळला. मुद्दाम राखलेल्या झाडांवर नजर ठेवून नव्या किडी लवकर पकडायच्या, अशा पाहणीत तो सापडला. नंतर जुने नमुने तपासले तेव्हा तो २०१२पासूनच देशात असल्याचे दिसले. पुढे तो शहरामागून शहरे पार करत गेला. स्वतः तो फार लांब उडत नाही. बहुतेक माद्या आसपासच्याच झाडावर उतरतात. शेकडो किलोमीटरचे अंतर त्याने कापले ते माणसाच्या गाडीतून, जळाऊ लाकडाच्या मोळ्यांतून.

ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२१मध्ये पर्थजवळच्या एका रहिवाशाने परसातल्या मेपलच्या झाडावर छिद्रे पाहिली आणि कळवले. ही जागरूकता थोर. सरकारनेही ढिलाई केली नाही. विलगीकरणाचा पट्टा आखला, त्यातून लाकूड आणि बागेतला ओला कचरा बाहेर नेण्यावर बंदी घातली, हजारो झाडे कापून तिथल्या तिथे भुगा केली. शहरातले लोक हळहळले, भांडलेही. तरीही २०२५मध्ये जाहीर करावे लागले, की भुंगेऱ्याचे समूळ निर्मूलन आता तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही; यापुढे आटोक्यात ठेवणे एवढेच. पैसा, माणसे, कायदा आणि श्रीमंत देशाची शिस्त असूनही हे घडले. तेव्हा महाराष्ट्रात कुणी एका हंगामात बोरर संपवण्याची हमी देत असेल तर त्याच्याकडे संशयाने पाहिलेले बरे.

पर्थचा प्रयत्न वाया गेला असे मात्र म्हणता येणार नाही. चार वर्षे लाकूड एका जागी रोखल्याने आजूबाजूच्या फळबागांना तेवढा अवधी मिळाला. कॅलिफोर्नियात तर याचे साधे, कोरडे नियम तयार झाले आहेत. बाधित फांदीचे एक इंचापेक्षा लहान तुकडे करायचे. एवढ्यानेच आतले बहुतेक भुंगेरे मरतात. उरलेल्यांसाठी तो चुरा पारदर्शक प्लॅस्टिकखाली कडक उन्हात किमान सहा आठवडे तापवायचा. ऊन मंद असलेल्या महिन्यांत हाच काळ सहा महिन्यांचा. बाधित लाकूड अखंड ओंडक्याच्या रूपात हलवायचे नाही. छाटणीची हत्यारे एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्यापूर्वी निर्जंतुक करायची. यात नवे रसायन नाही, पेटंट नाही, विकण्यासारखे काही नाही. म्हणूनच कदाचित या नियमांची जाहिरात कुणी करत नाही.

महाराष्ट्रातली परिस्थिती थोडी वेगळी आहे, आणि हा वेगळेपणा नीट समजून घेतला पाहिजे. कॅलिफोर्निया किंवा पर्थमध्ये हा भुंगेरा परका पाहुणा होता. हे कुळ मुळात दक्षिण आणि आग्नेय आशियातले. भारताला ते नवे नाही. नवी आहे ती डाळिंबाची सलग, दाट लागवड आणि त्या झाडांवर येणारा ताण. पूर्वी कोरडवाहू, मुरमाड माळावर विरळ उभे असलेले झाड आता भारी जमिनीतही लागते, बहार धरण्यासाठी त्याचे पाणी तोडले जाते, पानगळ केली जाते, नंतर भरपूर पाणी-खत दिले जाते आणि मग एखाद्या परतीच्या पावसात ते आठवडाभर पाण्यात उभे राहते. अँब्रोशिया भुंगेऱ्यांच्या अनेक जाती अशा गुदमरलेल्या झाडाचा वास दुरून ओळखतात. मुळे गुदमरली की झाडात अल्कोहोल तयार होते आणि ते त्यांना बोलावते.

शिवाय डाळिंबात बोरर एकटा येत नाही. कर्नाटकातल्या विजापूर भागात १९९०च्या दशकात डाळिंबाच्या मर रोगाने बागा संपवल्या, तेव्हा त्यामागे सेरॅटोसिस्टिस फिंब्रिएटा ही बुरशी असल्याचे आढळले. ही बुरशी, सूत्रकृमी आणि शॉट होल बोरर यांची संगत अनेक बागांत दिसते. कोण आधी आले आणि कोणी कोणाला वाट करून दिली, हे प्रत्येक बागेत सारखेच असते असे नाही. त्यामुळे ‘मर’ म्हटले की एक औषध आणि ‘बोरर’ म्हटले की दुसरे, ही वाटणी शेतात टिकत नाही.

आणि नावाचा प्रश्न इथेही आहेच. डाळिंबावरच्या भारतीय लेखनात या भुंगेऱ्यासाठी झायलेबोरस फॉर्निकॅटस आणि झायलेबोरस परफोरन्स अशी दोन्ही नावे आढळतात. ही एकाच किड्याची दोन नावे नव्हेत, या दोन जाती आहेत. त्यातले पहिले नाव २०१८-१९च्या फेरमांडणीपूर्वीचे असेल तर त्याखाली नेमकी कोणती जात होती, हे आज नमुना तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. प्रत्येक जातीची बुरशी वेगळी, आवडती झाडे वेगळी, सापळ्यात तिला ओढणारा गंध वेगळा. कोणत्या तालुक्यात कोणती जात आहे याचा नकाशा हातात नसताना संपूर्ण राज्यासाठी एकच शिफारस काढणे म्हणजे ताप कशाचा ते न पाहता सगळ्या वॉर्डाला एकच गोळी देणे.

हे काम खर्चिक नाही. भुंगेरा अल्कोहोलच्या बाटलीत टाकायचा, त्याच्या डीएनएचा एक तुकडा वाचायचा. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत, बंगळुरूला कृषी कीटकांच्या संग्रहाची राष्ट्रीय संस्था आहे. कमी आहे ती किडा पाहून ओळखणाऱ्या माणसांची. बीसन हे वनकीटकतज्ज्ञ देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत आयुष्यभर याच कुळाचे भुंगेरे ओळखत आणि नोंदवत बसले. त्यांचा भारतातल्या वनकीटकांवरचा ग्रंथ १९४१मध्ये आला आणि अभ्यासकांना अजून लागतो. त्या तोडीचे काम करणाऱ्या तरुणाला आज नोकरी कुठे मिळेल, हा प्रश्न विचारला तर विद्यापीठांत शांतता पसरते. फवारणीच्या चाचण्या करणाऱ्यांना प्रकल्प मिळतात, किडा ओळखणाऱ्यांना मिळत नाहीत.

दुसरा मुद्दा लाकडाचा, आणि तो जास्त तातडीचा आहे. परदेशी जाणाऱ्या द्राक्ष-डाळिंबाच्या कंटेनरमध्ये लाकडी पॅलेट असेल तर त्यावर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शिक्का लागतो. लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन ते ३० मिनिटे टिकवले, याचा तो शिक्का. हा नियम जगाने केला तो अशाच भुंगेऱ्यांच्या भीतीने. म्हणजे समुद्रापार जाणाऱ्या कोरड्या फळीची एवढी तपासणी, आणि सांगोल्याच्या रोगट बागेतून निघालेले ओले, छिद्रांनी भरलेले लाकूड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून वखारीत, वीटभट्टीवर किंवा पाहुण्यांच्या गावी न्यायला कुणाची आडकाठी नाही. कापलेल्या लाकडात ओल टिकून असेतोवर आतली वसाहत मरत नाही. आठवडेच्या आठवडे, कधी महिने, त्यातून माद्या बाहेर पडत राहतात. वाटेत त्यांना डाळिंबच मिळाले पाहिजे असेही नाही. बांधावरचा एरंड या भुंगेऱ्याला उत्तम चालतो, हे कॅलिफोर्नियात दिसले आहे. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात. इथे तो आपल्या गावात भुंगेऱ्याला आसरा देऊन बळी ठरतो.

शिफारस कागदावर नाही असे नाही. बाधित झाडे मुळासकट काढावीत, बागेबाहेर नेऊन जाळावीत, हे वाक्य डाळिंबाच्या प्रत्येक पत्रकात असते. पण ते पाळले जात नाही, आणि त्यात शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा भाग थोडाच असतो. ज्याची चार एकर बाग गेली, ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याच्याकडे त्या बागेतून शिल्लक राहिलेली एकमेव वस्तू म्हणजे ते जळण. घरात गॅस असला तरी पाणी तापवायला चूल आहे. सिलिंडर महाग आहे. वर्षभराचे जळण रचलेले असताना ते एका दुपारी शेतात पेटवून द्या म्हणून सांगणाऱ्या कृषी सहायकाकडे घरची बाई कशा नजरेने पाहील, याची कल्पना करायला हरकत नाही. उपटायला जेसीबीचे भाडे द्यावे लागते, तेही त्याच्याच खिशातून.

विम्याचा आधार म्हणावा तर फळपिकांसाठीची योजना हवामानावर आधारलेली आहे. महसूल मंडळातल्या केंद्रावर पाऊस किती पडला, आर्द्रता किती दिवस राहिली, तापमान कुठे गेले, यावर भरपाई ठरते. झाडात भुंगेरा आहे का, हे तिथे कुणी विचारत नाही. पाऊस निकषात बसला तर पैसे येतात, ते पावसाचे. झाड मेले म्हणून, आणि ते शेजाऱ्याच्या भल्यासाठी जाळावे लागले म्हणून, एक रुपया मिळत नाही. शेजाऱ्याची बाग वाचावी यासाठी ज्याला तोटा सोसायला सांगायचे त्याचा तोटा भरून देण्याची सोय नसेल तर ती शिफारस म्हणजे नुसता उपदेश.

म्हणून औषधांच्या अनुदानावर जो पैसा खर्च होतो त्यातला काही भाग लाकडाकडे वळवला पाहिजे. रोगट झाड उपटून त्याची जागेवरच विल्हेवाट लावली, तलाठी-कृषी सहायकाने पाहणी केली, की प्रति झाड ठरलेली रक्कम थेट खात्यात. गावात किंवा दोन-तीन गावांत मिळून एक श्रेडर. द्राक्षबागायतदारांच्या भागांत छाटणीच्या काड्या कुटणारी अशी यंत्रे लोकांनी पाहिलेली आहेत, ती खोडाच्या जाडीला पुरेल अशा ताकदीची घ्यावी लागतील. बारीक केलेला चुरा प्लॅस्टिकखाली तापवायचा. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हाला कॅलिफोर्नियाइतके आठवडे लागतात की कमी, हे सोलापुरात मोजून सांगणे संशोधन केंद्राला एका उन्हाळ्याचे काम आहे. तापवलेला चुरा मग चुलीत गेला काय किंवा खतात गेला काय, धोका उरत नाही, आणि जळणावर हक्कही त्या घराचाच राहतो.

यावर आक्षेप येईल, की असे पैसे द्यायचे ठरले की चांगली झाडेही रोगट दाखवली जातील. येईल तो खराच आहे. अनुदानाच्या कोणत्या योजनेत असे होत नाही? पण मोबाइलवर छिद्रांचे छायाचित्र, जागेची नोंद आणि एक नमुना बाटलीत, एवढे सक्तीचे केले तर खोटेपणाला आळा बसेल. शिवाय प्रत्येक दाव्यामागे एक भुंगेरा बाटलीत येईल आणि कोणत्या शिवारात कोणती जात आहे याचा जो नकाशा आज नाही तो दोन-तीन हंगामांत आपोआप तयार होईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आपली बाग बाधित असल्याचे जाहीर केले की व्यापारी भाव पाडतात, बँक नव्या लागवडीला कर्ज देताना मागेपुढे पाहते, रोपवाटिका असेल तर तिचे गिऱ्हाईक तुटते. रोपवाटिकांच्या बाबतीत लपवाछपवी फारच महागात पडते. गुटी कलमाची बारीक काडी बोररला बहुधा पुरत नाही, पण पिशवीतल्या मातीतून सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी शेकडो किलोमीटर जाते आणि नव्या बागेत बोररसाठी आधीच आजारी झाडे तयार ठेवते. पर्थच्या त्या रहिवाशाने कळवले, कारण कळवल्याने त्याचे काही बिघडणार नव्हते. इथे कळवणाऱ्याचे बिघडते. ते बिघडू नये याची व्यवस्था झाल्याशिवाय पहिली छिद्रे कुणी दाखवणार नाही.

अलीकडे डाळिंब आणि द्राक्षातून बाहेर पडू पाहणारे काही शेतकरी अॅव्होकाडो लावू लागले आहेत. पाणी कमी, भाव चांगला, फवारण्या मोजक्या, असे त्याचे वर्णन केले जाते. इस्राएल आणि कॅलिफोर्नियात या भुंगेऱ्याने सर्वांत आधी लक्ष वेधून घेतले ते याच झाडावर. तिथल्या बागायतदाराला छिद्र शोधावे लागत नाही. जखमेतून पाझरलेला रस वाळून सालीवर पांढऱ्या साखरेची छोटी टेकडी तयार होते आणि ती दुरून दिसते. डाळिंब काढलेल्या रानातच, जुने जळण अजून बांधावर असताना, ही रोपे लागत आहेत. ती विकणाऱ्या कुणी बांधाकडे बोट दाखवून आधी तो ढीग हलवा असे सांगितले असेल, तर त्याचे ऐकावे.